सोनेरी अक्षरांतली चोरी

एप्रिल उजाडला की डोंबिवली पूर्वेला स्टेशनलगतच्या झेरॉक्सच्या दुकानांत कॉलेजच्या मुलांची रीघ लागते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं ‘ब्लॅक बुक’ बांधून घ्यायचं असतं. काळं रेक्झिन आणि त्यावर सोनेरी अक्षरं : विषय, मुलाचं नाव, मार्गदर्शकाचं नाव, कॉलेज, वर्ष. गेल्या वर्षी मी काही कागदांच्या प्रती काढायला अशाच एका दुकानात उभा होतो. माझ्या पुढच्या मुलानं प्रोजेक्ट आणलाच नव्हता. काउंटरवरच्या पोरानं कॉम्प्युटरवरचं एक फोल्डर उघडलं आणि विचारलं, “लायब्ररी मॅनेजमेंट देऊ की हॉस्पिटल?” मुलगा म्हणाला, “ज्यात पानं कमी ते द्या.” पहिल्या पानावरचं जुनं नाव पुसलं गेलं, नवं टाइप झालं. आभाराच्या पानावर आधीच्या कुणा विद्यार्थ्यानं आपल्या आजीचे आभार मानले होते. रात्री जागून तिनं चहा करून दिला म्हणून. ते पान तसंच छापलं गेलं. मुलाचे वडील शेजारीच होते. त्यांनी पाकीट उघडलं, पैसे मोजले आणि दुकानदाराला बजावलं, “नावाचं स्पेलिंग तेवढं नीट बघा.”

त्या गृहस्थांना कुणी चोर म्हटलं तर ते खवळतील, आणि त्यांचा राग खोटा नसेल. लोकलमध्ये कुणाची पिशवी राहिली तर ती स्टेशनमास्तरकडे नेऊन देणारा हा माणूस आहे. वाण्यानं चुकून दहा रुपये जास्त दिले तर तो परत करतो. पण दुसऱ्याची जागरणं, दुसऱ्याची बुद्धी, दुसऱ्याच्या आजीचा चहासुद्धा त्यानं पोराच्या नावावर करून घेतला आणि त्याच्या मनाला काहीच टोचलं नाही. कारण चोरी हा शब्द आपण फक्त वस्तूंसाठी राखून ठेवला आहे. डोक्यातून निघालेली गोष्ट आपल्या लेखी बेवारस. जो उचलेल त्याची.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली कितीतरी माणसं माझ्याकडे एक प्रश्न घेऊन येतात : “याचं पेटंट घ्यावं की कॉपीराइट?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर फारसं अवघडही नाही. पण इतक्या वर्षांत त्याच्या आधीचा प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला : हे केलं कुणी? आपला समाज हक्काची चौकशी करतो, कर्त्याची करत नाही. माझा आरोप एवढाच आहे, आणि तो मी आज जाहीरपणे करतो.

आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. कॉपीराइट हा मांडणीवरचा हक्क आहे. कथा, नाटक, गाणं, चित्र, छायाचित्र, नकाशा, आणि कॉम्प्युटरचा प्रोग्रॅमसुद्धा. १९५७ च्या कायद्यानुसार रचना कागदावर किंवा पडद्यावर उतरली की हक्क लागू झाला. अर्ज नको, शिक्का नको. पुराव्यासाठी नोंदणी करायचीच असेल तर साहित्यकृतीची फी ५०० रुपये. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मागे ६० वर्षं. पण नुसत्या कल्पनेवर तो मिळत नाही. आर. जी. आनंद यांनी ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून उचलला म्हणून दावा लावला होता. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली सांगितलं की विषय एक असू शकतो, मांडणी वेगळी असेल तर ती चोरी नव्हे. आनंद हरले आणि नियम कायमचा स्पष्ट झाला.

पेटंट हा युक्तीवरचा हक्क. यंत्र, रसायन, प्रक्रिया. जे नवं आहे, त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचलं नसतं आणि उद्योगात चालतं, त्यावर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. इथं काहीच आपोआप मिळत नाही. मागावं लागतं, तपासणीतून जावं लागतं आणि आपली युक्ती जगापुढं पूर्ण उलगडून सांगावी लागते. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आणि तपासणीची ४,००० रुपये. घरबसल्या लिहिलेलं मोबाइल ॲप असेल तर १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) म्हणतं की निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाही. तिथं कॉपीराइटच्या छत्राखाली उभं राहा. एमआयडीसीत साच्यातून काढलेल्या बाटलीचा घाट असेल तर त्याला तिसरं दार आहे, २००० सालचा डिझाइन कायदा : १० वर्षं, वर आणखी ५. हे दार ज्यांना ठाऊक नसतं ते पस्तावतात. घाटाची नोंदणी न करता तशा ५० हून अधिक वस्तू यंत्रानं काढल्या की त्यावरचा कॉपीराइटही संपतो.

कॉपीराइट आणि पेटंट, इतके हे दोन कायदे वेगळे. एक फुकट, एक फी भरून. एक शब्दांचा, एक लोखंडाचा. पण एका जागी दोघं हातात हात घालून उभे आहेत. पेटंट कायद्याचं कलम २८ म्हणतं : पेटंटचा मालक कुणीही असो, खऱ्या संशोधकाला आपलं नाव त्यात नोंदवून घेण्याचा हक्क आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ म्हणतं : लेखकानं सगळे हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. पैसा मालकाकडे जाऊ शकतो, प्रकाशकाकडे जाऊ शकतो. नाव जात नाही. कायद्यानं जे सगळ्यात आधी जपलं, ते आपण सगळ्यात आधी लुटतो.

वागळे इस्टेटमध्ये मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. ठाण्याची ही वसाहत एमआयडीसीची पहिली. तिथल्या एका लहान वर्कशॉपमध्ये ड्रिलिंगच्या मशीनवर एक फिटर होता. आयटीआय अर्धवट सुटलेलं, तळहाताला ग्रीसचा कायमचा रंग. एकेक जॉब चार बोल्टनी आवळायचा, भोक पाडायचं, पुन्हा चार बोल्ट सोडायचे, यात दिवस जात होता. त्यानं भंगारातल्या एका लिव्हरपासून असं फिक्स्चर बनवलं की एका झटक्यात जॉब बसावा आणि एका झटक्यात सुटावा. काम निम्म्या वेळात होऊ लागलं. मालकानं त्याच्या पाठीवर थाप मारली, दिवाळीला मिठाईचा एक पुडा जास्त दिला आणि ते फिक्स्चर रंगवून एका औद्योगिक प्रदर्शनात मांडलं. खालच्या पाटीवर मालकाचं नाव. ‘संकल्पना व निर्मिती’ असं लिहून.

पुढं मालकाला वाटलं, याचं पेटंट घ्यावं. सल्लागारानं पहिला प्रश्न विचारला, “कुठं दाखवलंय का?” दाखवलं होतं. स्टॉलचे फोटो तारखेनिशी व्हॉट्सॲपवर फिरले होते. केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनाला १२ महिन्यांची सवलत आहे, हे प्रदर्शन तसलं नव्हतं. जगापुढं आलेली गोष्ट नवी राहत नाही. दार बंद झालं. मालक हळहळला, आठवडाभर त्या नुकसानीबद्दल बोलत राहिला. त्या सगळ्या बोलण्यात फिटरचं नाव एकदाही आलं नाही. पेटंट मिळालं असतं तरी आलं नसतं.

हे एका मालकाचं पाप म्हणून सोडून देता येत नाही. हातानं केलं ते काम आणि तोंडानं सांगितलं ते ज्ञान, ही वाटणी आपल्या रक्तात शेकडो वर्षांची आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, विणकर यांनी या देशाला जे शोध दिले त्यातल्या एकाचंही नाव आपण जपलं नाही, कारण त्यांना बुद्धी असते हेच आपल्याला मान्य नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे थोडक्या जमिनीवर राबणारे दलित शेतकरी. त्यांनी शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, निवडून निवडून वाढवल्या आणि ‘एचएमटी’ तांदूळ देशाला दिला. आपल्या डब्यांत तो भात आहे. बियाणंवाले श्रीमंत झाले. दादाजी २०१८ च्या जूनमध्ये गेले ते ओढग्रस्तीतच. पिकाच्या वाणाला पेटंट नाही, कॉपीराइट नाही. त्यासाठी २००१ साली शेतकऱ्यांच्या हक्कांचा वेगळा कायदा आला. पण दादाजींचं वाण त्याच्या आधीच गावोगाव पोचलं होतं. तोवर त्यांना त्यांचं देणं द्यायला कुणाला कायद्याची गरज होती का? माणुसकी पुरली असती.

आता शिकलेल्यांकडे वळतो, कारण त्यांचा गुन्हा मोठा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर जाहिराती फिरतात : पेटंटच्या अर्जात संशोधक म्हणून नाव हवं असेल तर इतके रुपये, पहिल्या क्रमांकाला जास्त, शेवटच्याला कमी. घेणारे कोण? मुलांना प्रामाणिकपणा शिकवायचा पगार घेणारे प्राध्यापक. बढतीला गुण लागतात, मूल्यांकनाला आकडे लागतात. मग कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागतो की आमच्या सरांचं पेटंट ‘पब्लिश’ झालं. पब्लिश होणं म्हणजे मंजूर होणं नव्हे. अर्ज केला की १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये येतोच आणि जास्तीची फी भरली तर लवकर येतो. लोकांना हे ठाऊक नसतं म्हणून हार घातले जातात. झेरॉक्सच्या दुकानातला तो मुलगा कुणाकडून शिकला, हे मला विचारू नका. मार्गदर्शकाचं नावही त्याच रेक्झिनवर, त्याच सोनेरी अक्षरांत होतं.

उल्हासनगरच्या मालाला नकली म्हणून नावं ठेवत, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर असा विनोद करत आपण लहानाचे मोठे झालो. फाळणीत घरदार गमावून कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या माणसांनी तिथं उद्योग उभे केले. त्यातल्या कुणी नकली शिक्का मारला असेल तर तो दोषच. पण ज्यांचं घर गेलं नव्हतं, ज्यांच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट होतं, त्या आपण काय केलं? कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. साहित्य संमेलनं भरवली, ठाण्यात २०१० ला, डोंबिवलीत २०१७ ला. आणि त्याच डोंबिवलीत आवडत्या लेखकाचं अख्खं पुस्तक पीडीएफ करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणाऱ्याला आपण ‘साहित्यप्रेमी’ म्हणतो. ते पुस्तक लिहिणारा कदाचित पुढच्याच गल्लीत राहत असेल आणि रॉयल्टीचा हिशेब बघून त्यानं पुढचं पुस्तक लिहायचं सोडून दिलं असेल.

तुमच्या इमारतीच्या फाटकाकडे जरा बघा. भिंतीवर पांढऱ्या रंगात तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं असेल. वारली चित्र. ही कला आपल्याच जिल्ह्याची. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत तो सगळा मुलूख ठाणे जिल्हाच होता. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवासिनींनी पिढ्यानपिढ्या जपलेली ही चित्रलिपी. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगाला दाखवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पिढ्यांच्या या शैलीला कॉपीराइट लागू होत नाही, कारण तो एकेका कर्त्याच्या रचनेला असतो. पेटंटचा तर प्रश्नच नाही. भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण रंगाऱ्याच्या स्टेन्सिलला ते कुठं दिसतं? चादरी, पणत्या, आकाशकंदील, साड्या, सगळीकडे तो तारपा वाजतो आहे. वारली पाड्यावरच्या किती बायांना त्याचे पैसे पोचले? सोसायटीनं रंगाऱ्याला मजुरी दिली, रंगाच्या कंपनीला बिल दिलं. ज्यांची ती रेषा, त्यांना बोलावून भिंत रंगवून घ्यावी असं कमिटीतल्या एकाच्याही मनात आलं नाही.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की ज्ञान सगळ्यांचं असतं, त्याला कुलपं कशाला? म्हणणं थोर आहे. पण ते बहुतेक घेणाऱ्याच्याच तोंडून येतं. आणि कायदासुद्धा कुलपाची किल्ली समाजाकडेच ठेवतो. पेटंट २० वर्षांनी सगळ्यांचं होतं. त्याआधीही मालक आडमुठा निघाला तर मार्ग आहे. आज जिचं भारतातलं मुख्य कार्यालय ठाण्यात आहे त्या बायर कंपनीचं कर्करोगावरचं औषध महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांना पडत होतं. २०१२ च्या मार्चमध्ये मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध ८,८८० रुपयांत देण्याचं बंधन घातलं. बायरला रॉयल्टी ठरवून दिली. गरिबाला औषधही मिळालं आणि शोधणाऱ्याचं देणंही बुडालं नाही.

दुसऱ्याचं पाहून शिकणं आणि दुसऱ्याचं लाटणं यात फरक आहे, हेही आपल्या गावातच शिकता येतं. डोंबिवलीकर रोज रिक्षावाल्याला ‘घरडा सर्कल’ सांगतात. केकी घरडा कोण होते हे किती जणांना ठाऊक आहे? १९७० च्या कायद्यात रसायनाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, फक्त प्रक्रियेवर होतं. गव्हातल्या तणावरचं आयसोप्रोट्यूरॉन परदेशी कंपन्यांकडून महाग येत होतं. घरडांनी ते बनवण्याची स्वतःची वाट शोधली आणि उत्तरेतल्या शेतकऱ्याला ते स्वस्तात मिळू लागलं. दुसऱ्याचं वाचून, समजून, स्वतःच्या अकलेनं पुढं जाण्यात कमीपणा नाही. कमीपणा पहिल्या पानावरचं नाव पुसण्यात आहे.

आणि ज्ञान खुलं ठेवूनही नाव जपता येतं, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. आपल्या संतांच्या अभंगांवर कुणाची मालकी नाही. वारीत, देवळात, रानात कुणीही गावेत, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. पण प्रत्येक अभंगाच्या शेवटी नाममुद्रा आहे. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या, मोलकरणीचं काम करणाऱ्या जनाबाईचं नाव सातशे वर्षं टिकलं, कारण गाणाऱ्या निरक्षर माणसांनीही शेवटचा चरण कधी गाळला नाही. जात्यावरच्या बायांनी जे पाळलं, ते पदव्या घेतलेल्या आपल्याला पाळता येत नाही. सोसायटीच्या गणपतीत एकांकिका होते. हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायदा माफी देतो, परवानगीचे पैसे मागत नाही. तरी निवेदक प्रायोजकाचं नाव तीनदा घेतो आणि लेखकाचं विसरतो. ठाण्यानं आपल्या रंगमंदिराला गडकऱ्यांचं नाव दिलं. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, त्यांच्या नाटकांवरचा हक्क केव्हाच संपला, नाटक कुणीही करावं. पण लेखकाचं नाव न घेता केलं तर तो प्रयोग त्या इमारतीचाच अपमान आहे.

म्हणून हात जोडून काही मागणं मागतो. कारखानदारांनो, तुमच्या माणसानं काही नवं केलं तर त्या दिवशीची तारीख घालून, त्याचं नाव घालून वहीत लिहा. प्रदर्शनात नेण्याआधी साधा तात्पुरता अर्ज भरा. पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. हक्क तुमच्या नावावर करून घ्यायचा असेल तर लेखी करार करा, त्याचा मोबदला द्या, आणि संशोधकाच्या रकान्यात त्याचंच नाव लिहा. अमेरिकेत १९९५ साली हळदीच्या औषधी गुणावर पेटंट दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं ते १९९७ मध्ये रद्द करून आणलं, ते जुन्या ग्रंथांतले लेखी पुरावे पुढं ठेवून. आजीचं बोलणं तिथं पुरलं नसतं. तेव्हा लिहून ठेवा. लेखक-कलावंतांनो, सही करण्याआधी कागद वाचा. किती वर्षांसाठी देतोय हे त्यात लिहिलं नसेल तर कायद्यानं ती पाच वर्षंच धरली जातात, हे ध्यानात ठेवा. प्राध्यापकांनो, जे तुमचं नाही त्यावरून तुमचं नाव आज काढा; उद्या मुलांपुढं उभं राहणं सोपं जाईल.

आणि आईवडिलांनो, तुम्हाला सगळ्यात कळकळीनं. येत्या एप्रिलमध्ये तुमच्या घरातही ब्लॅक बुक बांधलं जाईल. दुकानात पैसे देण्याआधी सोनेरी नावाचं स्पेलिंग तपासू नका. आतलं आभाराचं पान उघडा आणि मुलाला विचारा, “ही आजी कुणाची?” याचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर ते पुस्तक तिथंच ठेवा आणि मुलाला हाताला धरून घरी आणा. एक वर्ष वाया जाईल. माणूस वाचेल.